अलिबागचे सरखेल

आम्हां मराठवाड्यातील मुलांच्या इतिहासात समुद्र जवळजवळ नाहीच. किल्ला म्हटला की डोळ्यांपुढे देवगिरी येतो आणि लढाई म्हटली की घोडदळ. छत्रपती संभाजीनगरापासून पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबादला औरंगजेब बादशहाची उघड्यावरची साधी कबर आहे. १६८२ साली तो आमच्या या गावी येऊन उतरला आणि १७०७ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मरण पावला. मधली पंचवीस वर्षे तो मराठ्यांचे गड एकामागून एक घेत हिंडला. ही हकीकत आमच्याकडे घरोघर ठाऊक आहे. परंतु त्याच काळात, बादशहाचे हत्ती-घोडे जिथे पोचू शकत नव्हते अशा ठिकाणी, एक मराठा सरदार स्वराज्याची दुसरी फळी बांधीत होता, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या सरदाराचे नाव कान्होजी आंग्रे.

इतिहास विभागाच्या सहलीत आम्ही अलिबागला गेलो ते प्रामुख्याने कान्होजींच्या समाधीचे दर्शन घ्यायला. आंग्रे घराण्याच्या समाध्या गावातच, भरवस्तीत आहेत. आम्ही पोचलो तेव्हा तेथे दुरुस्ती चालू होती. फाटकाला दोरी बांधलेली, आत बांबूच्या परांच्या, बाजूला वाळूचा ढीग. काम पुरे होईपर्यंत कोणालाही आत सोडायचे नाही, असे सांगण्यात आले. एवढ्या लांबून आलेली मुले हिरमुसली. तेथल्या वयस्क गवंडीकाकांनी मात्र आमची समजूत घातली. दगडाला काही होत नाही, दोन दगडांमधल्या सांध्यात पिंपळाचे मूळ शिरते आणि ते वेळीच काढले नाही तर मग दगडही हलतो, असे ते म्हणाले. ओहोटीची वेळ आहे, इथे थांबण्यापेक्षा किल्ला पाहून या, असेही त्यांनीच सुचविले.

कुलाबा किल्ला समुद्रात आहे, पण ओहोटीला तेथे चालत जाता येते. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, आपल्या अखेरच्या दिवसांत, त्याचे बांधकाम सुरू करविले आणि संभाजी महाराजांच्या वेळी ते पुरे झाले. तटाचे मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. भर समुद्रात असूनही आत गोड्या पाण्याचे तळे आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर चढविलेल्या दोन तोफा आहेत. आम्ही त्या मोठ्या अभिमानाने न्याहाळू लागलो, तेव्हा त्यांवर इंग्रजी अक्षरे आणि १८४९ हे साल दिसले. त्या यॉर्कशरमध्ये ओतलेल्या आहेत. आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी १८४० मध्येच खालसा केले होते. म्हणजे आंग्र्यांच्या तटावर आज उभ्या असलेल्या या तोफा आंग्र्यांच्या नव्हेतच.

परतल्यावर मी ग्रंथालयात बसून कान्होजींचे चरित्र वाचू लागलो, तेव्हा त्या तोफांची वारंवार आठवण झाली. कान्होजींविषयी जे लिहून ठेवलेले आहे, त्यातील मोठा भाग त्यांच्या शत्रूंच्या दप्तरांतला आहे. मुंबईकर इंग्रज, गोव्याचे पोर्तुगीज, डच या सर्वांनी त्यांना चाचा, समुद्रावरचा लुटारू ठरविले. मग खरे कान्होजी कोण होते?

घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातील आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव पडले. वडील तुकोजी शिवशाहीच्या आरमारात चाकरीला होते. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारासचा. त्यांचे बालपण व तारुण्य हर्णेजवळच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. म्हणजे हा मुलगा कोळी, भंडारी आणि दर्यावर्दी मुसलमान यांच्यात, भरती-ओहोटीच्या हिशेबावर वाढला. सुवर्णदुर्गाला जंजिऱ्याच्या सिद्दीने वेढा घातला असता किल्लेदार फितूर होऊ लागला, तेव्हा तरुण कान्होजींनी त्यालाच कैद करून किल्ला लढविला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते.

तो काळच विलक्षण कठीण होता. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज दूर जिंजीला गेले. समुद्रावर सिद्दी बादशहाच्या बाजूने होता. अशा वेळी कोकणातील किल्ले ज्यांनी धरून ठेवले त्यांत कान्होजी होते. १६९८ मध्ये जिंजी मोगलांच्या हाती गेली, राजाराम महाराज महाराष्ट्रात परतले आणि त्याच साली आरमारप्रमुख सिधोजी गुजर वारले. त्यांच्या जागी कान्होजी आले. सरखेल ही पदवी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. कुलाबा हे त्यांचे ठाणे झाले.

त्यांच्या आरमाराची रचना समजून घेण्याजोगी आहे. इंग्रजांच्या जहाजांएवढी प्रचंड जहाजे त्यांच्यापाशी नव्हती. त्यांचा भरवसा गुराबा आणि गलबते यांवर होता. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, उथळ पाण्यात चालणारी, पुढच्या बाजूने तोफा डागणारी. गलबत तिच्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की मोठी विलायती जहाजे जागच्या जागी थांबत. गलबते मात्र वल्ही मारीत गुराबांना दोराने ओढून नेत. शत्रूच्या जहाजाच्या कुशीला तोफांची रांग असे, म्हणून हे लोक त्याच्या पिछाडीला जाऊन त्याच्या शिडांवर व डोलकाठ्यांवर मारा करीत. जहाज पांगळे झाले की तरवारी घेऊन वर चढत. पाठलाग झालाच तर एखाद्या खाडीत शिरत. जड जहाजांना तेथे येता येत नसे. कोकणच्या किनाऱ्याचा उथळपणा, त्याच्या खाड्या, त्याचे वारे हीच त्यांची खरी शस्त्रे होती.

आता चाचेगिरीच्या आरोपाकडे वळू. कान्होजींचा नियम असा की त्यांच्या समुद्रातून व्यापार करणाऱ्या जहाजाने दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा. न घेतल्यास जहाज धरले जाईल. हा नियम काही त्यांनी नव्याने काढला नव्हता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हिंदी व्यापाऱ्यांना आपले परवाने घ्यायला लावीत होते आणि इंग्रजही परवाने देत. हजारो कोसांवरून आलेल्यांनी परवाना मागितला तर तो कायदा आणि येथल्या छत्रपतींच्या सरखेलाने मागितला तर ती लूट, हा न्याय मला पटत नाही. तथापि कान्होजींना संत ठरविण्याचेही कारण नाही. १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नराचे एक सशस्त्र जहाज पकडले. कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख त्या झुंजीत ठार झाला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत पडली. पुढल्या वर्षी तीस हजार रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. त्या काळी युद्धकैद्यांवर खंडणी घेण्याचा प्रघात सर्वत्र होता हे खरे. परंतु नुकत्याच विधवा झालेल्या एका स्त्रीच्या वाट्याला आलेले ते महिने चरित्रकाराने वगळू नयेत.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रसंग मात्र समुद्रावरचा नव्हे, घरातला आहे. राजाराम महाराजांच्या पश्चात कान्होजी ताराबाईंच्या पक्षाला होते. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये त्यांच्यावर पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना धाडले. कान्होजींनी लढाईत त्यांना हरवून कैदच केले. साताऱ्याकडे वाट मोकळी झाली. त्या घटकेला मराठी राज्य उभे चिरले जाते की काय अशी वेळ होती. तेव्हा बाळाजी विश्वनाथ पुढे आले. हे मूळचे श्रीवर्धनचे. सिद्दीचा जाच सोसून कोकण सोडलेले. कान्होजी आणि बाळाजी दोघेही ब्रह्मेंद्रस्वामींना मानणारे. तरवार म्यानात ठेवून त्यांनी बोलणे केले. १७१४ साली तह झाला. कान्होजींनी शाहू महाराजांना धनी मानले, पेशव्याची सुटका केली. त्यांचे सरखेलपद कायम झाले आणि किनाऱ्यावरील किल्ले त्यांच्याकडे राहिले. जिंकलेल्या माणसाने हात आवरता घेतला, म्हणून राज्याचा सांधा सांधला गेला.

त्या सांध्याचे मोल पुढे सात वर्षांनी कळले. १७१५ अखेर चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने आरमार वाढविले आणि कान्होजींचा निकाल लावायचे ठरविले. १७१७ मध्ये विजयदुर्गावरची स्वारी फसली. १७१८ मध्ये खांदेरीवरची फसली. १७२० मध्ये खास बांधविलेली तरंगती तोफांची माची घेऊन इंग्रज पुन्हा विजयदुर्गावर गेले. तिचाही उपयोग झाला नाही. शेवटी १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एक झाले. इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजे कमोडोर मॅथ्यूज घेऊन आला, गोव्याचा व्हाइसरॉय जातीने आला आणि सुमारे सहा हजार फौज कुलाब्यासमोर उतरली. एकट्या आरमाराला हे ओझे जड गेले असते. पण आता साताऱ्याचे छत्र पाठीशी होते. बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन धावून आले. पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये बाजीरावांशी वेगळा तह केला. इंग्रजांना हात हलवीत परतावे लागले. १७२४ मध्ये डच सात जहाजांनिशी विजयदुर्गावर आले, तेही परत गेले. घोडे आणि गलबते एका धन्यासाठी लढली की काय होते, ते कुलाब्याने दाखवून दिले.

१७२९ च्या पावसाळ्यात कान्होजींनी अलिबागेस देह ठेवला. पावसाळा हा दर्यावर्दींच्या विसाव्याचा काळ. तेव्हा समुद्र बंद असतो, गलबते वर ओढून ठेवतात, फळ्यांच्या सांध्यांतून पाणी शिरू नये म्हणून त्यांची डागडुजी करतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात.

कान्होजींच्या मागे ही डागडुजी झाली नाही. मी लाकडाविषयी बोलत नाही. थोरले चिरंजीव सेखोजी १७३३ मध्ये वारले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत कलह पेटला. एकाकडे विजयदुर्ग, दुसऱ्याकडे कुलाबा, अशी आरमाराची दोन शकले झाली. संभाजींनंतर विजयदुर्गावर तुळाजी आले. त्यांचे आणि नानासाहेब पेशव्यांचे जमले नाही. बाळाजी विश्वनाथांनी ज्या घराशी तह केला होता, त्याच घराविरुद्ध त्यांच्या नातवाने इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफेचा एक पेटता गोळा नांगरून ठेवलेल्या जहाजावर पडला, आग या जहाजावरून त्या जहाजावर गेली आणि कान्होजींनी आयुष्य घालून वाढविलेले आरमार एका दिवसात जळाले. तुळाजी अखेरपर्यंत कैदेत राहिले. तोच क्लाइव्ह पुढल्या वर्षी प्लासीला जिंकला. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडविणारे मराठी आरमार त्यानंतर पुन्हा तसे उभे राहिले नाही. ते बाहेरच्या शत्रूला पस्तीस-चाळीस वर्षे हरविता आले नव्हते. भावाभावांच्या आणि चाकर-धन्याच्या सांध्यांत मूळ शिरले, आणि तेव्हाच ते हलले.

आज कान्होजींच्या नावाला सन्मानाची उणीव नाही. भारतीय नौदलाच्या मुंबईतील एका ठाण्याला १९५१ मध्ये आंग्रे हे नाव मिळाले. खांदेरी बेटाला १९९८ मध्ये कान्होजींचे नाव दिले गेले. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. हे सर्व योग्यच झाले. परंतु कान्होजींचे चरित्र वाचून संपविताना माझ्या मनात त्यांच्या विजयांपेक्षा १७१४ चा तह अधिक राहिला. शत्रूचे जहाज पकडणारे दर्यावर्दी जगाच्या इतिहासात पुष्कळ आहेत. आपल्याच माणसाला हरविल्यावर त्याच्याशी समेट करणारे थोडे. कान्होजी त्या थोड्यांपैकी होते, आणि आम्हां तरुणांनी त्यांच्याकडून काही घ्यायचे असेल तर ते हेच होय.