राणीचा मुलगा आणि हिमोफिलिया : लिओपोल्डच्या वाट्याला कसे आयुष्य आले?

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून नजरकैदेत ठेवले, ते व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीने. याच राणीचा एक मुलगा तिच्याच राजवाड्यात जवळपास नजरकैदेत वाढला. प्रिन्स लिओपोल्ड. त्याला हिमोफिलिया होता, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा आनुवंशिक आजार.

जन्म ७ एप्रिल १८५३, राणीचे आठवे अपत्य. धडपडणे कुठल्या मुलाला चुकले आहे? पण याला साधा धक्का लागला तरी सांध्यात रक्त साचे, गुडघा सुजे आणि आठवडेच्या आठवडे अंथरुणात जात. तेव्हा औषध नव्हते. धास्तावलेल्या आईने मग त्याच्या हिंडण्या-फिरण्यावरच पहारा बसवला. लिओपोल्डला दुखण्याइतकाच हा पहाराही जाचला असावा.

ऑक्सफर्डला जाण्यासाठी त्याला आईशी झगडावे लागले. १८७२ मध्ये परवानगी मिळाली. तिथे तो बुद्धिबळात रमला. पडण्याची भीती नसलेला खेळ! पुढे कॅनडाचा गव्हर्नर जनरल व्हायची इच्छा होती, तीही आईने मोडून काढली. १८८२ मध्ये लग्न झाले, मुलगी झाली. मार्च १८८४ मध्ये फ्रान्समधल्या कान येथे तो घसरून पडला, गुडघ्याला मार बसला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. वय अवघे ३०.

आजार येतो कुठून?

दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी. बाधित पुरुषाची प्रत्येक मुलगी मात्र वाहक असतेच. लिओपोल्डची मुलगी ॲलिस वाहक होती. तिचा मुलगा रुपर्ट १९२८ मध्ये मोटार अपघातानंतर दगावला. या घराण्यातला आजार हिमोफिलिया बी, म्हणजे नवव्या घटकाची कमतरता होती, हे २००९ मध्ये रशियन राजकुटुंबाच्या अवशेषांच्या तपासणीतून कळले.

आज काय बदलले?

कमी असलेला घटक आता इंजेक्शनने देता येतो. नियमित दिला तर सांधे वाचतात, शाळा बुडत नाही, पोहताही येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियासह थॅलेसेमिया आणि सिकलसेलचाही समावेश आहे. अडचण अंतराची. जयगडच्या मुलाचा गुडघा रात्री सुजला, तर रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय चाळीसहून अधिक किलोमीटरवर. सूज आल्यावर पहिल्या दोन तासांत घटक मिळणे सर्वांत उपयोगाचे.