विश्लेषण : १७९ बळी घेणारे बाळू पालवणकर ‘हॉल ऑफ फेम’मध्ये का नाहीत?

आयसीसीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गावसकर, कपिल, बेदी, तेंडुलकर आहेत. २०२१ मध्ये विनू मंकड आले, २०२५ मध्ये धोनी. या यादीत बाळू पालवणकर हे नाव नाही. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी आणि १५.२१ ची सरासरी, असे आकडे असलेला डावखुरा फिरकीपटू आज बहुतेकांना ऐकूनही माहीत नाही. त्यांचा प्रवास जाणून घेण्यासारखा आहे. त्यात भंडाऱ्याच्या वाचकांना ओळखीचा वाटेल असा एक धागाही आहे.

कोण होते बाळू?

जन्म १८७६ चा, धारवाडचा. कुटुंब मूळचे कोकणातले, चर्मकार समाजाचे. वडील पुण्यात लष्करात नोकरीला होते. पोरवयातच बाळू पुण्यातल्या पारशी क्लबवर कामाला लागले. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि महिन्याला तीन रुपये घ्यायचे. पुढे गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबमध्ये चार रुपये मिळू लागले. तिथे जाळी लावणे, खेळपट्टी आखणे ही कामे होतीच, शिवाय साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज बाळूंनी बाद केले की दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तासन् तास चेंडू टाकूनच त्यांचा हात तयार झाला हे खरे. फलंदाजी मात्र त्यांना कोणी करू दिली नाही. बॅट हे साहेबाचे काम.

चहा मंडपाबाहेर

युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, हे पुण्यातल्या हिंदू क्लबच्या लक्षात आले. त्यावरून क्लबमध्ये वाद झाला आणि अखेर बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावत. पण चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणाचे पानही वेगळे असे. हळूहळू विजयांनी हे बदलत गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा जाहीर गौरव केला.

पुढे प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. तेव्हा धाकटे भाऊ शिवरामही संघात होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ २३ पैकी १५ सामने हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्यातले मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिल्याची नोंद सापडते.

कर्णधारपदाचे काय?

इथे गोष्ट अडते. संघातला सर्वोत्तम गोलंदाज आणि सर्वांत अनुभवी खेळाडू असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. दर वर्षी मागणी व्हायची आणि दर वर्षी उच्चवर्णीय कर्णधार नेमला जायचा. १९२० मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळायलाच नकार दिला. लोकमताचा दबाव वाढला, तिघेही परत आले आणि बाळूंना उपकर्णधार केले गेले. पारशांविरुद्धच्या सामन्यात कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ ४४ वर्षांच्या बाळूंनी नेतृत्व केले. तेवढाच वेळ. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

भंडाऱ्याचा धागा कोणता?

१९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीतला डॉ. आंबेडकरांचा पराभव इथे अजूनही चर्चेत असतो. त्याआधी १७ वर्षे, १९३७ मध्ये मुंबईत विधिमंडळ निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध उभे केले होते ते बाळू पालवणकरांना. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. लढत सोपी नव्हती, हे आकडेच सांगतात. ज्यांच्या कौतुकाचे मानपत्र लिहिले, त्यांच्याशीच सामना. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत.

मग यादीत नाव का नाही?

भारताने पहिली कसोटी खेळली जून १९३२ मध्ये. तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. कसोटीच्या नोंदीत जे नाहीत, ते अशा याद्यांमध्ये सहसा दिसत नाहीत. २०२१ मध्ये आयसीसीने १९१८ पूर्वीच्या काळातून फॉकनर आणि नोबल यांना घेतले, पण ते दोघेही कसोटीपटू होते.

अमेरिकेतल्या बेसबॉलपुढे हाच प्रश्न होता. कातडीच्या रंगामुळे मोठ्या लीगचे दार बंद असलेल्या कृष्णवर्णीयांनी आपल्या वेगळ्या लीग चालवल्या. १९७१ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’ने त्या लीगच्या खेळाडूंसाठी वाट उघडली. पहिला मान सॅचेल पेजला मिळाला. २०२४ मध्ये तर त्या लीगचे आकडे अधिकृत नोंदीत मिसळले गेले आणि फलंदाजीच्या सर्वकालीन सरासरीत जॉश गिब्सन अव्वल ठरला. त्याचे निधन १९४७ मध्येच झाले होते.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत गेले. भारतीय क्रिकेटमध्ये अशी जुन्या नोंदींची फेरतपासणी अजून झालेली नाही.