हरवलेला आवाज, नवी गायकी



मैफलीत गवयाला आयत्या वेळी सुचते, त्याला उपज म्हणतात. ती निव्वळ देणगी आहे, असे आपण समजतो. उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचे जीवन वेगळे शिकवते. ऐन उमेदीत अतिगाण्याने त्यांचा आवाज बसला; पूर्वीसारखा तो परतलाच नाही. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी रियाजातून घडवली. बंदिश तीच, प्रत्येक आवर्तनात मात्र रागाचा नवा विस्तार करून अचूक समेवर यायचे. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी नेमले. शिष्या केसरबाई केरकरांकडूनही त्यांनी वर्षानुवर्षे हेच घोटून घेतले. अमडापूरच्या आपल्या गायकवृंदानेही ध्यानात ठेवावे : सुचण्याआधी घोटावे लागते, आणि गमावले त्याहून उरले ते मोलाचे असते.