मातीची साक्ष जपणारे काशिनाथ दीक्षित

बेळगाव-निपाणी भागातून आषाढीला ज्या पंढरीकडे दिंड्या निघतात, त्याच पंढरपुरात पुरातत्त्वज्ञ काशिनाथ नारायण दीक्षित यांचा १८८९ साली जन्म झाला. पुढे ते भारताच्या पुरातत्त्व खात्यात दाखल झाले.

सिंधमधील मोहेंजोदडोचे अवशेष १९११-१२ च्या सुमारास देवदत्त भांडारकरांनी पाहिले आणि विटांवरून ते जेमतेम दोनशे वर्षांचे ठरविले. वरवरची पाहणी थोर विद्वानालाही चकवते ती अशी! १९२२ मध्ये तेथे उत्खनन सुरू झाले. १९२४-२५ च्या हंगामात ते काम दीक्षितांकडे आले. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘डीके’ म्हटल्या जाणाऱ्या विभागात १९२५-२६ मध्ये दाढीधारी पुरुषाची साडेसतरा सेंटिमीटर उंच मूर्ती मिळाली. हा ‘पुरोहित-राजा’ खरोखर पुरोहित की राजा, याविषयी मतभेद आहेत. परंतु मूर्तीचे प्राचीनत्व मान्य झाले, कारण ती सिंधू संस्कृतीच्या थरांतूनच निघाली होती. याउलट हडप्पा येथील दोन शिरोहीन मूर्तींची घडण इतकी सफाईदार, की खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनाही त्या इतक्या जुन्या असतील हे प्रथम पटेना. त्यांच्या काळाविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही.

१९३७ ते १९४४ या काळात दीक्षितांनी खात्याचे महासंचालकपद भूषविले. १९४६ साली ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, शेतात नांगराला कोरीव शिळा अडली, तर ती हलवू नका. आधी जागा व खोली लिहून ठेवा आणि वडीलधाऱ्यांना कळवा. शिळेच्या वयाची पहिली साक्ष भोवतालची मातीच देत असते.