अण्णांचे उतारवय

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाई घरी येऊन सांगून गेल्या, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. खरे कारण सांगायला आता हरकत नाही. गेल्या पाडव्याला मंडळाच्या हिशेबाचे काम माझ्याकडून गेले. एकवीस वर्षे किर्द आणि पावतीपुस्तके मी सांभाळली होती. आता ते काम एका तरुण भगिनीकडे आले आहे आणि ती ते संगणकावर करते. बदल योग्यच होता. माझी नजर मंदावली आहे, गुडघे कुरकुरतात, बँकेचा जिना चढवत नाही. बुद्धीला हे सारे कळत होते, पण मनाला पटत नव्हते.

रिकाम्या हाताने घरी बसले आणि मनातल्या मनात मी दुसरीच वही उघडली. मुंबईच्या मुलाने किती दिवसांत फोन केला नाही, ज्यांच्या आजारपणात मी धावले त्यांतले कोण माझ्याकडे फिरकले नाही, मंडळाच्या हळदीकुंकवाला मला कोणी विचारले नाही, असे सगळे येणे मी त्या वहीत मांडत गेले. वही भरत होती आणि मी मात्र रोज थोडी थोडी रिकामी होत होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ही सवय लागली म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल.

अशा मनःस्थितीत जिल्हा नगर वाचनालयातून महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ घरी आणले. शाळेत असताना त्यांच्यावरचा धडा होता, तेवढीच ओळख. विधवांसाठी आश्रम काढणारे, शंभरी पार केलेले, भारतरत्न झालेले आपल्या जिल्ह्याचे थोर पुरुष, एवढे आपण सगळ्याच जाणतो. पण लहानपणी थोरांची चरित्रे आपण त्यांच्या तरुणपणासाठी वाचतो. या वेळी मी ती वाचली ती त्यांच्या म्हातारपणासाठी. तेच चरित्र माझ्या शब्दांत येथे सांगते.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. लहानपण गेले दापोलीजवळच्या मुरूडला, समुद्राच्या आणि माडांच्या सोबतीत. घरची परिस्थिती बेताची. गावात सोमण गुरुजी होते. त्यांनी या मुलाला अभ्यासाबरोबर लोकांच्या कामाचीही गोडी लावली. म्हातारपणीसुद्धा अण्णा या गुरुजींचे ऋण विसरले नाहीत, ही गोष्ट मी पुस्तकात खूण घालून ठेवली.

१८७५ साली सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. सुमारे ११० मैलांची वाट, वरून धो धो पाऊस, मध्ये सह्याद्रीचा घाट. आपण कोकणातल्या बायका तो पाऊस जाणतो, त्यामुळे अधिक वर्णन नको. साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा फार लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. सतरा वर्षांच्या मुलाला एवढे चालून मिळाले काय, तर नकार. त्यांनी गावी परत येऊन पुन्हा अभ्यास धरला. पुढे मुंबईला शिकवण्या करून शिकले, १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

त्याच १८९१ साली त्यांची पत्नी राधाबाई वारल्या. त्या काळी विधुराला कोवळी कुमारिका सहज मिळे. अण्णांनी ते नाकारले. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आपल्या देवरूखची. लहानपणी लग्न झाले आणि काही महिन्यांतच ती विधवा झाली. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात ती शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी अण्णांनी तिच्याशी विवाह केला. याच गोदूबाई पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या.

या विवाहाची बातमी मुरूडला पोहोचली आणि गावाने कर्वे कुटुंबावर बहिष्काराचे शस्त्र उगारले. ज्या गावासाठी त्यांनी मुंबईत असतानाच मुरूड फंड सुरू केला होता, त्याच गावात त्यांना स्वतःच्या आईच्या घरी उतरणे कठीण झाले. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले. हळदीकुंकवाला विचारले नाही म्हणून मी रुसले होते, येथे तर सबंध गावाने पाठ फिरवली होती. पण अण्णांनी गावाशी वैर धरले नाही. त्यांच्या आठवणींत मुरूडचा उल्लेख येतो तो कडवटपणाने नाही, तर आपल्याला घडवणारे गाव म्हणून येतो. आज त्याच मुरूडला त्यांचे स्मारक उभे आहे.

पुढचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगणे येथे जागा दिली आणि १९०० साली तेथे एका साध्या झोपडीत आश्रम आला. दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी चार मैल चालत हिंगण्याला जायचे, असा त्यांचा नेम होता. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही लहान वयात विधवा झालेल्या, या आश्रमाच्या मोठ्या आधार झाल्या. निधीसाठी त्या पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

१९१४ साली अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वय छप्पन. या वयाच्या पुरुषाने आता काठी घेऊन देवळात बसावे, असे त्या काळी कोणालाही वाटले असते. अण्णांच्या हाती मात्र जपानमधील महिला विद्यापीठाविषयीचे एक पुस्तक आले आणि त्यांच्या मनात नव्या कामाने घर केले. १९१६ साली, अठ्ठावन्न वर्षांचे असताना, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. पहिल्या पाठशाळेत विद्यार्थिनी होत्या पाच! आपल्या भजनी वर्गालासुद्धा पाचच बायका जमल्या तर आपण वर्ग बंद करण्याचा ठराव करतो. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव त्या विद्यापीठाला लाभले.

आता पुढचा हिशेब वयासकट मांडते, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासाला निघाले. शिक्षण परिषदांतून बोलले आणि बर्लिनला आइन्स्टाइन यांना भेटले. परत येतात न येतात तोच आफ्रिकेला गेले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केले आणि आपल्या तुटपुंज्या पेन्शनीतला वाटा त्याला दिला. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ सुरू केला. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. त्याच वर्षी त्यांच्या चित्राचे टपाल तिकीटही निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे होऊन, ते गेले.

एवढे वाचून कोणी म्हणेल, ते महर्षी, त्यांना काय दुःख? तसे मुळीच नव्हते. दीर्घायुष्य म्हणजे आपल्या माणसांना पोचवणे. १९५० साली बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार संपला. पुढे १९५३ साली थोरले चिरंजीव रघुनाथराव गेले. संततिनियमनाचा प्रचार केल्याबद्दल त्यांनी जन्मभर टीका सोसली होती. पंचाण्णवाव्या वर्षी राधाबाईंची ही ठेव वडिलांच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. माझे यजमान जाऊन सहा वर्षे झाली, त्यामुळे रिकाम्या खोलीचा अर्थ मला कळतो. पंचाण्णवाव्या वर्षीची ती खोली किती रिकामी असेल!

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. अण्णांच्या समाधानाची किंमत बायांनीही मोजली. मिळेल तो पैसा संस्थेकडे जाई आणि घराची तोंडमिळवणी बायांनी करायची. बायांनी ‘माझे पुराण’ या पुस्तकात हे काहीही न लपवता लिहिले आहे. ते १९४४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. अण्णा देव आणि मी त्यांची पुजारीण, असा त्यात सूर नाही. नवऱ्याचे मोठेपण मान्य करून त्याचा हट्टही त्या मोकळेपणाने सांगतात. मला हे फार मोलाचे वाटते. कृतज्ञ व्हायचे म्हणजे सोसलेले विसरायचे, असा आपला समज करून दिलेला असतो. बायांनी सोसलेले सांगितले आणि तरीही आयुष्याला नावे ठेवली नाहीत. आम्हा बायकांना अण्णांइतकाच बायांचा धडा हवा आहे.

मग अण्णांचे गमक काय? मी माझ्या हिशेबी भाषेत सांगते. ‘आत्मवृत्त’ वाचताना माझ्या लक्षात आले की या माणसाने जन्मभर देण्याची वही ठेवली. गुरुजींनी शिकवले, मित्राने साथ दिली, कोणी जागा दिली, कोणी चार आणे दिले, ते सारे त्यांच्या आठवणीत असे. लोकांकडून येणे किती राहिले, याची वही त्यांनी फारशी उघडलीच नाही. ज्याला आपण देणे लागतो असे वाटते, त्याला सकाळी उठायला कारण असते. ज्याला फक्त येणेच दिसते, तो दारात वाट पाहत बसतो. वाट पाहण्याने गुडघे अधिकच दुखतात, हा माझा अनुभव आहे.

आपल्यापैकी कोणी विद्यापीठ काढणार नाही आणि एकशे चार वर्षेही थोड्यांनाच मिळतील. प्रकृती, पैसा आणि एकटेपण यांचे प्रश्न नुसत्या समाधानाने सुटत नाहीत. औषध वेळेवर घ्यावे लागते आणि मुलांशी स्पष्ट बोलावेही लागते. मुलाला मीच फोन केला. तो रात्रपाळीत होता आणि आईला झोपेतून कशाला उठवा म्हणून थांबला होता.

आमच्या घराशेजारच्या कलमांच्या बागेत राखणीला नेपाळहून आलेले एक कुटुंब आहे. त्यातली सून मला एकदा औषधाची चिठ्ठी वाचून दाखवा म्हणाली. तेव्हापासून रोज चार वाजता ती माझ्या पडवीत येते आणि मी तिला मराठी अक्षरे आणि बेरीज-वजाबाकी शिकवते. अण्णांना पहिल्या वर्षी पाच विद्यार्थिनी मिळाल्या, मला एक मिळाली. गेल्या आठवड्यात तिने दुकानदाराच्या हिशेबात बारा रुपयांची चूक काढली. तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला.

आपल्या नव्या खजिनदारबाईही परवा येऊन गेल्या. काकू, जुन्या किर्दीतल्या एका ठेवीचा मेळ लागत नाही, म्हणाल्या. आम्ही दोघींनी चहा घेत घेत ती नोंद शोधली. मला त्यांचे यंत्र कळले नाही, त्यांना माझे अक्षर लागले नाही, पण मेळ लागला.

मंडळाने मला एकवीस वर्षे विश्वासाने हिशेब सोपवला, हे ऋण मी इतके दिवस चुकीच्या बाजूला मांडत होते. या वर्धापनदिनी ते योग्य बाजूला मांडून ठेवते. मंडळाची अशीच भरभराट होवो आणि हळदीकुंकवाला मला बोलावणे असो वा नसो, मी येणार आहे, याची सर्व भगिनींनी नोंद घ्यावी.