डॉ. विल्यम रिव्हर्स

डॉ. रिव्हर्स यांचा जन्म १८६४ साली इंग्लंडात झाला. ते बोलताना अडखळत. तरी जिद्दीने डॉक्टर झाले. मज्जातंतूंवर त्यांनी मोलाचे संशोधन केले. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून परतलेले सैनिक थरथर कापत, झोपेत दचकून ओरडत. पुष्कळ लोक त्यांना भ्याड समजत. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात १९१६-१७ मध्ये रिव्हर्स यांनी अशा लष्करी अधिकाऱ्यांना आठवणी दडपू नका, बोलून दाखवा, असे सांगितले आणि स्वतः शांतपणे ऐकून घेतले. १९२२ साली ते निधन पावले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली या आजाराची आघातोत्तर तणाव विकार म्हणून नोंद केली. पालकांनो, अपघाताने धास्तावलेल्या मुलाला भित्रा म्हणू नका. बळजबरी न करता त्याचे ऐका आणि वेळीच डॉक्टरांना दाखवा.