जवारीचा धागा

सुरेलपणाचा विषय निघाला की उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव आजही आधी घेतले जाते. आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना येथे १८७२ साली जन्मलेला हा गायक ऐन तारुण्यात बडोद्याच्या दरबारात आला, तेथून ताराबाई माने यांच्यासह मुंबईस निघून आला आणि पुढे मिरजेचाच झाला. १९१३ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर ही नावे घेतली की त्यांच्या परंपरेचा विस्तार ध्यानात येतो.

खाँसाहेबांच्या आयुष्यातील एका प्रकरणाची चर्चा मात्र क्वचितच होते. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना बावीस श्रुतींची गणिती स्थाने निश्चित करण्याचा ध्यास होता. तारेची लांबी मोजून केलेल्या या प्रयोगांना गळा आणि कान लाभले ते खाँसाहेबांचे. १९१० मध्ये देवलांचा ग्रंथ निघाला. पुढे न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी हा विषय उचलून धरला आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून खास श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली.

नेहमीच्या पेटीचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढा असतो. खाँसाहेबांसारख्या कानाला तो खुपणारच. तेव्हा नव्या वाद्यामागचा हेतू खोटा नव्हता. परंतु १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत हे वाद्य वादाचा विषय ठरले. पंडित भातखंडे यांना तर ही गणिती मांडणीच मान्य नव्हती. पट्ट्या कितीही वाढवल्या तरी मींड आणि आंदोलन पेटीला कोठून येणार? विलायतेहून आलेले ते वाद्य मैफलीत रुजले नाही.

खाँसाहेबांचा खरा भरवसा होता तो तंबोऱ्यावर. वाद्यांच्या दुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हात चालत असे आणि मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांची परंपराच होती. तंबोऱ्याची घोडी किंचित गोलसर घासलेली असते. कंप पावणारी तार तिला ओझरता स्पर्श करीत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर पुढेमागे झाला की स्पर्शाची जागा बदलते आणि बोदा आवाज एकदम उघडतो. हीच जवारी. मग खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येऊ लागतो. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीच्या करामतीवर शास्त्रीय निबंध लिहिला. धाग्याची किंमत मात्र जवळजवळ शून्यच!

ध्वनिमुद्रणाचे दोन्ही युग खाँसाहेबांनी पाहिले. १९०५ च्या सुमारास ते भोंग्यासमोर गायले, तर १९३० च्या दशकात मायक्रोफोनसमोर. ओडियन कंपनीच्या तबकड्यांतील झिंझोटीची ठुमरी घरोघरी पोहोचली ती या दुसऱ्या काळात. आज नायगावच्या एखाद्या सदनिकेत कोणी हजारो रुपयांची केबल जोडून त्या जुन्या तबकड्या ऐकत असेल, तरी भोंग्याने न टिपलेली कंपने त्या केबलमधून उमटणार नाहीत. भोंगा अडीच-तीन हजार हर्ट्‌झच्या वरचे फारसे पकडतच नसे. मायक्रोफोनने घडवलेला फरक मात्र साध्या यंत्रावरही कानाला जाणवतो.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीस निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर उतरले. फलाटावरच त्यांनी तंबोरा जुळवून घेतला आणि गाता गाताच देह ठेवला, असे सांगतात. त्यांचे पार्थिव मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गायक हजेरी लावतात.